टबाबाहेरचा कप

बायकोला 'हो' म्हणण्याआधी प्रश्न ऐकून घ्यावा, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत जमलेलं नाही. पेपर वाचता वाचता मी 'हो' म्हणालो आणि रोबोचा मास्तर झालो.

ही शाळेत विज्ञान शिकवते. कुणा भल्या लोकांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या आराखड्यावरून तिने एक रोबो-हात जोडला होता. स्वस्तातल्या मोटरी, प्लॅस्टिकची बोटं, वर एक जुना कॅमेरा. मोठ्या बाईंना तो पसंत पडला, तरच शाळेत रोबोचा वर्ग निघणार होता. तिचा जीव त्या वर्गात अडकला होता.

"त्याचं मनगट धरून टेबलावरचा कप खरकट्या भांड्यांच्या टबात ठेवायचा. पुन्हा पुन्हा. तो त्यातूनच शिकतो," ती बजावून गेली. "आणि दर वेळी टेबल होतं तसं मांडायचं!"

सुट्टीची अख्खी दुपार मी शिकवलं. (ऑफिसात माझं ऐकतो कोण? हा निमूट ऐकत होता.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी आलेल्या मोठ्या बाईंसमोर हिने सवयीने चष्मा काढून टेबलाच्या काठावर ठेवला आणि बटण दाबलं. हात कपाकडे वळलाच नाही. त्याने आधी चष्मा अलगद उचलून आत सरकवला. मग कप उचलला, थेट टबापर्यंत नेला, टबाच्या बाहेर ठेवला आणि स्वस्थ बसला.

हिचा चेहरा उतरला. मला घाम फुटला.

"अहो, कप बाहेर का?"

"मी रोज तिथेच ठेवतो ना..."

"ते माहितेय मला! पण चष्मा?"

"तू नेहमी काठावर विसरतेस. पडेल म्हणून मी आत सरकवतो. काल त्याच्या हाताने सरकवला, आणि टेबल होतं तसं मांडायचं म्हणून दर वेळी मीच पुन्हा काठावर ठेवला."

"म्हणजे इतकी वर्षं तो तुम्ही सरकवत होतात..." तिचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी खिडकीबाहेर बघितलं.

मोठ्या बाई पोट धरून हसत होत्या. "अख्खा नवरा शिकला की हा! वर्ग सुरू करा बाई. फक्त शिकवायला यांना आणू नका."

हिने एका संध्याकाळी रोबोला सुधारलं. चष्म्याचं तेवढं तसंच राहू दिलं. आता चहा झाला की ती माझंही मनगट धरते आणि कप टबात ठेववते.

"मी हात धरावा म्हणून मुद्दाम विसरता ना?" असं म्हणून लाजते. मीही गूढ हसतो.

(तुम्हाला म्हणून सांगतो, मी खरंच विसरतो.)