साळवेजींचा तोल

साळवेजी कोणालाही भेटले की आधी वजन विचारतात. नाव नंतर. "किती किलो?" हा प्रश्न ते इतक्या सहजतेने टाकतात, की ऐकणाऱ्याला वाटावे, इंदुरात क्षेमकुशल असेच विचारत असतील. कोणी उत्तर टाळले तर ते डोळे बारीक करून त्याला वरपासून खालपर्यंत पाहतात आणि आकडा स्वतःच जाहीर करतात. आकडा सहसा बरोबर निघतो. त्यांना फारसे मित्र नाहीत, यात नवल नाही.

त्यांचे वडील, आजोबा महूच्या फौजेत होते. तेही फौजेतच गेले आणि तिथे शिडाची बोट चालवायला शिकले. निवृत्तीनंतर काही वर्षे महू रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर बसून त्यांनी भरलेल्या ट्रकांची वजने केली. या दोन नोकऱ्यांनी त्यांची दृष्टी अशी घडवली, की जगातली प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या बाजूला कलत आहे असे त्यांना दिसते, आणि ती सरळ केल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. "तोल पहिला, बाकी बाद में," हे त्यांचे पालुपद.

मल्हारगंजातल्या एका लग्नात ते अक्षता टाकायला मंचावर चढले आणि तिथेच थबकले. "भिया, स्टेज डावीकडे दबतंय," असे म्हणत त्यांनी वराच्या दोन्ही मामांना उठवून उजवीकडे बसवले आणि एका सडपातळ काकूंना मध्यभागी आणले. वधूची आई संतापून म्हणाली, "अहो, हे लग्न आहे का मालगाडी?" साळवेजी शांतपणे उत्तरले, "बाईजी, आपण अठ्ठ्याहत्तर. आपण बीचमध्येच राहा." त्या घरी त्यांना पुन्हा बोलावणे गेले नाही.

अशा या माणसाने शहराबाहेरच्या तलावावर एक जुनी बोट डागडुजी करून ठेवली आहे. ज्यांना चालता येत नाही, ज्यांना दिसत नाही, अशांना ते दर रविवारी सकाळी तिच्यातून पाण्यावर नेतात. आम्ही चारदोन स्वयंसेवक चाकाच्या खुर्च्या ढकलतो, दोर धरतो आणि त्यांची बोलणी खातो. दृष्टिहीन तिवारीजी बोटीत बसले की हुकूम सुटतो, "तिवारीजी, पोट जरा उजवीकडे घ्या." तिवारीजी उलटून विचारतात, "अकेले पोट को कैसे भेजूँ, भिया?" आणि ओल्या कॅनव्हासच्या वासात, जलपर्णीच्या हिरव्या दर्पात तेवढ्यापुरते हसू मिसळते.

मी तिथे गेले ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे. सुधाताई पलासियातल्या एका बँकेत होती. स्नायूंच्या आजाराने तिच्या हातून एकेक गोष्ट गेली: आधी जिना, मग पेन, मग पदर सावरणे. "वजन टिकलं तोवर काळजी नाही," असे डॉक्टर एकदा तिच्यासमोर बोलून गेले, आणि तेवढे एकच वाक्य तिने मुठीत घट्ट धरले. वजनाच्या काट्यावर उभे राहणे तिला शक्य नव्हते. आम्हा घरच्यांवर तिचा विश्वास नव्हता. "तुम्ही सगळे गोड बोलता," ती म्हणे. "साळवेजींना गोड बोलता येत नाही. ते सांगतील ते खरं."

दर रविवारी साळवेजी तिला खुर्चीतून दोन्ही हातांवर उचलत आणि बोटीच्या डाव्या बाकावर ठेवत. तोच तिचा काटा.

"किती, साळवेजी?"

"बावन्न. मागच्या इतवारी होतं तेवढंच."

"खरं ना?"

"सुधाजी, ट्रकवाल्यांनी काय काय देऊ केलं, मी कधी एक किलो इकडचा तिकडे केला नाही. आता तुमच्यासाठी करू का?"

ताई हसे. त्या दिवशी घरी दोन घास जास्त जात.

पण तिला न्हाऊ घालणारे हात माझे होते. तिची बांगडी मनगटावरून कोपरापर्यंत घसरू लागली होती; पाठीचा कणा माझ्या बोटांना मण्यामण्याने मोजता येई. बावन्न कुठले! कोणालाही न सोडणारा तो माणूस तिच्याशी सरळ खोटे बोलत होता.

एका रविवारी मी जरा लवकर पोहोचले. साळवेजी काठावर उकिडवे बसून एका कॅनव्हासच्या पिशवीत वाळू भरत होते. कुठल्याशा बांधकामावरून आणलेली नर्मदेची वाळू. मला पाहून ते ओशाळले.

"बोटीला खोटं बोलता येत नाही ना, प्रोफेसरबाई," ते म्हणाले. "समोर मी बसतो. बोट माझ्या बाजूला झुकली, की सुधाजी समजून जातील. हुशार आहेत त्या."

त्यांनी पिशवी उचलून पाहिली, आणखी एक ओंजळ टाकली आणि ती डाव्या बाकाखाली सरकवली.

पुढे रविवारामागून रविवार ताई कमी होत गेली आणि पिशवी फुगत गेली. बोट मात्र शेवटपर्यंत सरळ चालली. थंडीतल्या एका सकाळी तिने सुकाणू धरण्याचा हट्ट केला. साळवेजींनी तिच्या पंजावर आपला रुंद, खरबरीत पंजा ठेवला आणि शीड वाऱ्याने भरले. तिच्या चेहऱ्यावर पाण्याचा हलता उजेड होता. परतताना ती मला हळूच म्हणाली, "साळवेजी दमतात गं हल्ली. या वयात जड उचलू नये माणसानं."

तो तिचा शेवटचा रविवार.

ती गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी साळवेजींनी तिला बोटीत टेकायला दिलेली उशी परत द्यायला तलावावर गेले. साळवेजींनी माझे वजन विचारले नाही. नुसते डाव्या बाकाकडे बोट दाखवले. मी बसताच बोट माझ्या बाजूला कलली. पाणी बोटीच्या कडेशी आले आणि माझ्या बोटांना गार लागले. बाकाखाली पाय अडखळला म्हणून वाकून पाहिले. पिशवी तशीच होती, गच्च भरलेली.

"ही काढायची राहिली, साळवेजी," मी म्हटले. "तोल जातोय."

त्यांनी काठाचा दोर सोडला.

"राहू द्या," ते म्हणाले. "आज वाकडीच जाऊ दे."