लगतच्या घरापेक्षा उंच नसावे

आपले घर हवे तेवढेच आहे आणि शेजाऱ्याचे मात्र एका मजल्याने जास्त आहे, ही माणसाची सर्वांत जुनी आणि सर्वांत निःस्वार्थ जाणीव आहे. (निःस्वार्थ अशासाठी, की जास्तीचा मजला झाडायचा शेजाऱ्याने आणि त्याची काळजी वाहायची आपण.) वस्तीत कोणी केवढे घर बांधावे याचे सगळे शास्त्र या एका जाणिवेवर उभे आहे. ज्या गल्लीची ही हकिकत आहे, तिथे ते शास्त्र जितके पुढे गेले तितके आणखी कुठे गेल्याचे ऐकिवात नाही.

त्याचे श्रेय फूटपट्टीकाकांचे. काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर तपासायला तराजू उरले नाहीत, तेव्हा त्यांनी घरे तपासायला घेतली. त्यांच्यापाशी खुणा केलेला एक लांबलचक बांबू होता. दर रविवारी तो खांद्यावर टाकून ते गल्लीतून फेरी मारत, आणि सुट्टीच्या दिवशी लोळत पडणारी माणसे तेवढ्यापुरती उठून आपापल्या छपराकडे धास्तीने बघत. नागरी शिस्त म्हणतात ती हीच.

सुरुवात झाली ती उजवीकडच्या दंतवैद्यामुळे. गल्लीतली सगळी घरे बैठी. दंतवैद्याने आपल्या घरावर एक मजला चढवला आणि दवाखाना वर नेला. त्या मजल्याची सावली सकाळी बरोबर काकांच्या अंगणातल्या खुर्चीवर पडू लागली. काका महिनाभर सावलीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यानंतर त्यांना सर्दी झाली, आणि सर्दीतून 'निवासी वस्ती आकार व उंची मर्यादा समिती' झाली.

समितीने घराच्या आकाराचा प्रथम विचार केला. घरात माणसे असतील तितक्या खोल्या असाव्यात, अधिक एक रुसून बसण्यासाठी, असे एकमताने ठरले. (चर्चेच्या वेळी दोन रुसण्याच्या खोल्यांची सूचना आली होती. पण दोघांनी एकाच वेळी रुसल्यास स्वयंपाक कोणी करायचा, या मुद्द्यावर ती बारगळली.) मग उंचीचे कलम आले. ते काकांनी स्वतः लिहिले होते: 'वस्तीतील कोणतेही घर लगतच्या कोणत्याही घरापेक्षा उंच असता कामा नये.' हे कलम वाचून होताच सगळ्यांचे हात वर गेले. हात वर करताना प्रत्येकाची नजर खिडकीतून शेजारच्या घराकडे होती, त्यामुळे स्वतःच्या घराचा विचार करायला कोणाला सवड झाली नाही.

काकांच्या डावीकडे, गल्लीच्या टोकाला, शिवणकाम करणाऱ्या एका आजींचे घर होते. ते सगळ्या गल्लीत हातभर ठेंगणे. म्हणजे कलम मंजूर झाले त्याच क्षणी त्याचा पहिला भंग अध्यक्षांच्या, म्हणजे काकांच्याच, घराने केला. पण अध्यक्षांचे घर कलमाच्या आधीचे, म्हणून ते ऐतिहासिक ठरवण्यात आले. दंतवैद्य म्हणाला, "मग माझा मजलाही कलमाच्या आधीचाच आहे की!" त्यावर समितीने खुलासा केला की ऐतिहासिक व्हायला भिंतीला भेगा असाव्या लागतात.

दंतवैद्याने मजला उतरवला. दवाखाना खाली, काकांच्या अंगणालगतच्या खोलीत आला. पूर्वी रुग्णांच्या किंकाळ्या छपरावरून परस्पर निघून जात. आता त्या थेट काकांच्या कानात येऊ लागल्या. काकांनी ते मनावर घेतले नाही. आवाजाला उंची नसते. ऊन परत आले, खुर्ची परत आली, आणि दंतवैद्याच्या मनातली अढी जावी म्हणून त्याला उपाध्यक्ष करण्यात आले. अन्याय झालेल्या माणसाइतका कडक उपाध्यक्ष दुसरा मिळत नाही.

आणि मग मुलीचा फोन आला.

काकांची मुलगी परिचारिका. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यात. पदरात चार वर्षांची पोर. "बाबा, तुमच्या गावच्या इस्पितळात जागा मिळतेय," ती म्हणाली. "राहायला खोली झाली तर हिच्या शाळेआधी येते. नाहीतर त्या लांबच्या शहरातली नोकरी धरते. तिथे खोलीसकट देतायत."

लांबचे शहर म्हणजे वर्षातून एकदा भेट, तीही धावती. नातीला काका फोनमधले आजोबा म्हणूनच ठाऊक होते. एरवी मनातले ओठावर येऊ न देणारा हा माणूस त्या दिवशी काकूंना म्हणाला, "पोरगी इथंच आली पाहिजे."

"मग ती आतली खोली रिकामी करा ना," काकू म्हणाल्या.

आतली खोली म्हणजे नियमाप्रमाणे मिळालेली रुसण्याची खोली. तिच्यात समितीची कचेरी होती. नकाशांच्या गुंडाळ्या, तपासणीचे गठ्ठे, आणि तिरका ठेवलेला बांबू, जो दुसऱ्या कुठल्याच खोलीत मावत नसे.

"कचेरी कशी हलवणार?" काका म्हणाले.

"अहो, मी इतकी वर्षं स्वयंपाकघरात रुसतेय. तुमची समिती अंगणात बसली तर काय बिघडलं?"

काकांनी त्यावर विचार करतो असे सांगितले, आणि घरावर एक खोली चढवण्याच्या परवानगीसाठी समितीकडे अर्ज केला. अर्जदार काका खुर्चीच्या अलीकडे उभे राहिले. मग पलीकडे जाऊन अध्यक्ष काका खुर्चीत बसले. उपाध्यक्ष हात जोडून म्हणाला, "काका, तुमच्यासाठी जीव देईन, पण मजला देता येणार नाही. कलम तुमच्याच हातचं आहे." अध्यक्षांनी अर्ज फेटाळला. नकाराची भाषा फार कोरडी आहे असे अर्जदाराला वाटले. अध्यक्षाला ती समतोल वाटली.

शाळा सुरू व्हायचे दिवस जवळ येत चालले. काकांची झोप उडाली आणि दाढ दुखू लागली. शेवटी नाइलाजाने ते दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन आडवे झाले. तोंडात कापसाचे बोळे, वर दंतवैद्य. अध्यक्षांचे तोंड पहिल्यांदाच बंद असल्यामुळे (शास्त्रीय दृष्ट्या उघडे) दंतवैद्य मोकळेपणाने बोलला.

"काका, खरं सांगू? मलाही मजला परत हवाय. पण मी चढवला तर तुमच्यापेक्षा उंच होतो, तुम्ही चढवला तर माझ्यापेक्षा उंच होता. पहिला कोण चढणार? जो पहिला तो गुन्हेगार."

काका ताडकन उठून बसले. कापसातून ते काहीतरी बोलले. बोळे काढल्यावर त्याचा अर्थ लागला: "पहिला कोणीच नाही! सगळ्यांनी एकदम चढायचं!"

कलम उंच होण्याविरुद्ध नव्हतेच. ते लगतच्यापेक्षा उंच होण्याविरुद्ध होते. काका आणि दंतवैद्य एकाच वेळी, एकाच वेगाने, विटेला वीट जुळवत वर गेले तर कलमाच्या केसालाही धक्का लागत नव्हता. मात्र मग दंतवैद्याच्या पलीकडचे घर ठेंगणे पडत होते, म्हणून तेही वर जायला हवे होते. त्याच्या पलीकडचेही. असे करत करत समिती गल्लीच्या तोंडापर्यंत पोचली आणि समोरच्या रांगेने परत आली. बहुतेकांना वरच्या मजल्याची गरज नव्हती, पण शेजाऱ्याला मिळतोय म्हटल्यावर ती तातडीने निर्माण झाली.

गवंड्याला बोलावून बेत सांगितला तेव्हा त्याने डोके खाजवले. "साहेब, आजवर घरं पुष्कळ बांधली. गल्ली पहिल्यांदाच बांधतोय."

अडून बसल्या फक्त आजी. "मला वर काय करायचंय?" त्या म्हणाल्या. "माझे गुडघे उंबऱ्याला कुरकुरतात."

आजी नाहीत तर काका नाहीत, काका नाहीत तर दंतवैद्य नाही, आणि मग कोणीच नाही. रस्त्यात दिसल्या तर मान फिरवणारे लोक आजींच्या दारात रांग लावू लागले. कोणी फळे आणली, कोणी सांधेदुखीचे तेल आणले. धडधाकट कपडे उसवून दुरुस्तीला आणणाऱ्यांचे प्रमाण शेकडा नव्वदवर गेले. आजींनी फळे खाल्ली, तेल लावले, कपडे शिवले, आणि नाही म्हटले ते म्हटलेच. शेवटी काका स्वतः गेले. या वेळी बांबू न घेता.

"आजी, माझ्यासाठी नाही. पोरीसाठी."

आजींनी सुईतला दोरा दाताने तोडला. "बांध बाबा. पण माझी अट आहे. वरच्या खोलीत कोणीतरी राहिलं पाहिजे. रिकाम्या खोलीत उंदीर होतात, नाहीतर समित्या."

"मान्य," काका म्हणाले. खरे म्हणजे 'बांध' नंतरचे काहीच त्यांच्या कानांत शिरले नव्हते.

काम सुरू झाले. गल्लीच्या मधोमध गवंडी शिट्टी घेऊन उभा राही. शिट्टी वाजली की सगळ्या घरांवर एकेक थर चढे, आणि काका बांबू घेऊन थर तपासत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत. एका घरच्या विटा संपल्या की सगळी गल्ली हातावर हात ठेवून बसे. एकदा दंतवैद्याकडच्या मजुराला शिंक आली आणि शिट्टीआधीच वीट लागली. ती काढून, खेद व्यक्त करून, पुन्हा वेळेवर लावण्यात आली. आजींचे घर मुळात ठेंगणे असल्याने तिथे जास्तीचे थर लागले, आणि त्यामुळे त्यांची वरची खोली गल्लीत सर्वांत ऐसपैस झाली. त्यांच्या पलीकडे घर नव्हते, नुसते मैदान. सगळे ऊन त्याच खोलीत शिरले.

शाळेच्या तोंडावर काम संपले. समितीच्या वार्षिक अहवालात काकांनी अभिमानाने लिहिले: 'वस्तीतील एकही घर लगतच्या घरापेक्षा उंच नाही. उंची नियंत्रणाचे उद्दिष्ट शंभर टक्के साध्य. वस्तीची उंची दुप्पट.'

मात्र हा अहवाल त्यांना भरदुपारी दिवा लावून लिहावा लागला. दोन्ही बाजू वर गेल्यामुळे गल्लीत ऊन येईनासे झाले होते. अंगणातल्या खुर्चीवर आता कोणा एकाची नव्हे, सर्वांची सावली पडत होती. आतल्या खोलीत तर नकाशावरची रेघ दिसेना, म्हणून कचेरी तात्पुरती वरच्या नव्या खोलीत हलवण्यात आली. खालच्या खोलीत ठेवायला लगेच दुसरे कागद तयार झाले: अंधाराविषयी आलेल्या तक्रारी.

मुलगी आली ती पोरीला कडेवर आणि ट्रंक रिक्षात घेऊन. तिने वरची खोली पाहिली, खालची पाहिली. काका म्हणाले, "दोन दिवस थांब, लावून देतो सगळं." हे ते अगदी मनापासून म्हणाले. दोन दिवसांनीही मनापासूनच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कुंपणावरून आजींची हाक आली. "पोरी, माझं वरचं रिकामं आहे गं. तुझ्या बापाने कबूल केलंय कोणीतरी राहील म्हणून."

मुलीने ट्रंक उचलली. काकूंनी पोरीला उचलले, आणि तेव्हापासून काकू रुसायलाही तिकडेच जाऊ लागल्या. काकांनी कोणाला अडवले नाही. लगतचेच घर होते, आणि अगदी बरोबरीच्या उंचीचे.

महिनाभरात उपाध्यक्षाने तक्रार आणली. आजींच्या कठड्यावर नातीने कागदाचे भिरभिरे बांधले होते. ते ठरलेल्या उंचीच्या वीतभर वर जात होते, वाऱ्यात जरा जास्तच. काका बांबू घेऊन निघाले. वरच्या खिडकीत नात उभी होती. तिच्यामागे खोली उन्हाने भरलेली.

"आजोबा, वर या ना! इथून सगळं दिसतं!"

"तिथून मोजता येत नाही, बाळा," काका म्हणाले.

"जिना तूच घालून दिलास," आजी शिवणयंत्रावरून म्हणाल्या. "चढ की."

काका चढले. खरोखरच चार पायऱ्या चढले. पण जिना पुढे वळत होता आणि बांबू वळेना. त्यांनी तो आडवा धरून पाहिला, तिरका धरून पाहिला. वरून नात टाळ्या वाजवून बोलावत होती. बांबू खाली ठेवला असता तर काका क्षणात वर पोचले असते. पण तो कोणाच्या हवाली करावा, हे ठरेना. दंतवैद्याच्या हाती द्यायचा त्यांना धीर होत नाही. काका आजही रविवारी तिथवर येतात, जिन्याच्या वळणाशी थांबतात, आणि परत जातात.

वाचकांना काका हास्यास्पद वाटले असतील. हरकत नाही. फक्त आता वाचणे थांबवून एकदा आपल्या खिडकीतून बाहेर बघावे आणि आधी काय डोळ्यांत भरले ते खरे सांगावे: आकाश, की शेजाऱ्याने नवी बसवलेली पाण्याची टाकी? टाकी असेल तर कृपया लवकर कळवावे. बांबू हवाली करायला काका एका जबाबदार माणसाच्या शोधात आहेत, आणि वर पोर वाट बघते आहे.