चमचा, गाढव, खुर्ची

साधा विसराळूपणा कुठे संपतो आणि विस्मृतीचा आजार कुठे सुरू होतो, हे वेळेत कळावं म्हणून एका नवोदित संशोधिकेने चाचणी तयार केली होती. तीन शब्द सांगायचे, मध्ये थोड्या गप्पा मारायच्या आणि मग तेच शब्द विचारायचे. शब्द तिने लेकीच्या चित्रांच्या पुस्तकातून उचलले होते: चमचा, गाढव, खुर्ची. तिला घाई होती ती घरची. ती प्रयोगशाळेत गेली की लेकीला सांभाळायची तिची आई, आणि आई हल्ली दुधाची बाटली चपलांच्या कपाटात ठेवू लागली होती. चपला कुठे जात होत्या, याचा शोध अजून लागायचा होता.

नवोदितांना अनुदान देणाऱ्या समितीत सगळेच निवृत्त होते. त्यांनी प्रात्यक्षिक मागितलं. तिने तीन शब्द सांगितले.

"चमचा कोणाला म्हणालात?" उपाध्यक्षांनी विचारलं.

"कोणालाच नाही, सर. वस्तू आहे ती."

सचिवांनी गाढवाबद्दल तोच खुलासा मागितला. अध्यक्षांनी मात्र आधी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि मग हळूच विचारलं, "रिकामी होणार आहे, असं काही कानावर आलंय का तुमच्या?"

चहानंतर सगळ्यांनी तिन्ही शब्द क्रमाने, दातओठ खाऊन, बिनचूक सांगितले. चाचणी उत्तम चालते असं तिने आनंदाने नोंदवलं. शब्द मानहानिकारक आहेत असं समितीने नोंदवलं. मग शब्दशुद्धी उपसमिती नेमली गेली. उपसमितीने पुष्कळ चहा पिऊन तीन निर्दोष शब्द काढले: समन्वय, सक्षमीकरण, शाश्वतता. हे शब्द कोणाच्याही मनाला लागणार नाहीत, अशी ग्वाही तिने दिली. मनात शिरतील तेव्हा लागतील ना, असं संशोधिकेच्या ओठांवर आलं होतं, पण अनुदान अजून हातात यायचं होतं.

नव्या चाचणीत शिपाई नापास झाला, चालक नापास झाला, अधिकारी झाले आणि शेवटी खुद्द उपसमिती झाली. उपसमितीच्या प्रमुखांना एवढंच आठवत होतं की चहाबरोबर बिस्किटं नव्हती. आजाराची साथ पसरल्याचा अहवाल निघाला. उमेदवारांवर अन्याय नको, म्हणून तिन्ही शब्द ठळक अक्षरांत परीक्षेच्या खोलीतल्या भिंतीवर लावायचा निर्णय झाला.

"पण सर, मग ही स्मरणशक्तीची चाचणी कसली? ही तर डोळ्यांची झाली."

"मुद्दा रास्त आहे," अध्यक्ष म्हणाले. "चष्म्यांची तरतूद करू."

तरतूद तिच्याच अनुदानातून झाली. चष्मे आले, सगळे पास झाले, आणि आजाराचं समूळ उच्चाटन झाल्याचं जाहीर करण्यात आलं. नसलेल्या आजारावर संशोधन कशाला, म्हणून उरलेलं अनुदान रद्द झालं. तिच्या हाती अभिनंदनाचं पत्र आलं.

तिची आईसुद्धा खणखणीत आवाजात भिंत वाचून पहिल्या श्रेणीत आली. घरी येताच तिने कौतुकाने प्रमाणपत्र चपलांच्या कपाटात ठेवलं आणि दारात आलेल्या नातीकडे बघून लेकीला विचारलं, "गोड आहे गं. कोणाची?"

संशोधिकेने समितीला कळवलं. उत्तर तत्परतेने आलं: आपल्या मातोश्री नियमानुसार निरोगी असून, त्यांना विसर पडतो हा आपला गैरसमज आहे.

प्रयोगशाळेतलं तिचं टेबल आता दुसऱ्या कोणाचं आहे. ती घरी असते. एकीला शब्द शिकवते, दुसरीला त्यांची आठवण करून देते, पुस्तक तेच.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता वर न बघता उपसमितीचे तीन शब्द सांगा पाहू. राहू द्या. चमचा, गाढव, खुर्ची मात्र पाठ आहे ना? आणि गाढव वाचताना कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तेही आठवत असेल. स्वतःचा सोडून.