लाल बोंडांचा उपाय

आईला निवडुंगाच्या बोंडांचा रस पाजायचा, एवढंच भागवतनं ठरवलं होतं. त्यात दवाखान्याचं काही नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर थोरला भाऊ रामप्रसाद गेला. तेव्हापासून त्यांची आई साळूबाई अर्ध्या भाकरीवर होती. तपासणीत तिचं रक्त नऊ निघालं. नर्सबाई म्हणाली, रानभाज्या खाऊ घाला. आता माघात कोरड्या रानात भाजी कुठली? पण आष्टीच्या माळावर निवडुंग लालभडक बोंडांनी लदबदला होता, आणि मोबाइलवर एकजण तीच बोंडं हातात धरून "रक्तच रक्त" म्हणत होता. सातवी नापास भागवतला तेवढा पुरावा पुरला. (पुराव्यासाठी तो कधीच अडून बसत नसे.)

बोंडं आधी मातीत घोळवायची, मग विस्तवावर फिरवायची, म्हणजे बारीक काटे जातात. हे रामप्रसादनं त्याला लहानपणी दहादा सांगितलं होतं. आठवलं तेव्हा दहाही बोटांत काटे शिरले होते. भागवत बांधावर बसून जरा रडला. काट्यांमुळे, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

रस मात्र झकास निघाला. एक तांब्या आईला, एक स्वतःला.

"रंग कालवलास का रे यात?"

"ताकद हाय. डोळे झाकून पी."

साळूबाई प्याली आणि तिनं आणखी अर्धा तांब्या मागितला. भागवतला माळावरून नाचत जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीतून भिंत धरत बाहेर आली. "भागवत, लघवीला रक्त चाललंय माझ्या."

भागवतनं फोन लावला. घरात आता दोघंच उरली होती. रामप्रसादचा मैतर इमरान रिक्षा घेऊन धावत आला.

"जल्दी चल इमरानभाई."

"जल्दीच चाललो. तू मागून हँडल धरू नको."

"म्हशीची धार राह्यली," साळूबाई म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टर महजबीननं लघवी तपासली. "रक्त बिलकुल नाही. काल काय खाल्लं?"

"यानं निवडुंगाची बोंडं पाजली. आपणबी प्याला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तो फळाचा रंग. उद्यापर्यंत जाईल. फळ चांगलंय, त्यात व्हिटॅमिन सी असतं. पण एका तांब्यानं रक्त वाढत नाही. गोळ्या घ्या, घोळ-तांदुळजाची भाजी मिळेल तशी खा."

भागवतनं घरापासून धरलेला श्वास सोडला.

"तू पण प्यालास ना? तुझा रंग नाही बघितलास?"

"मी शेतात जातो मॅडम. काळ्या मातीत काय दिसतंय?"

इमराननं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जा, इथं बघून ये. खात्री होईल."

भागवत गेला. सगळं ऐकलं होतं, सगळं पटलं होतं. पण पांढऱ्या फरशीवर लाल दिसलं आणि तो आडवा झाला. बाहेर नुसता धप्पकन आवाज आला.

डोळे उघडले तेव्हा हाताला सलाईन होती, आणि शेजारी कसला तरी आवाज येत होता. ओळखायला त्याला वेळ लागला, कारण दिवाळीपासून तो घरात ऐकूच आला नव्हता. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. "मावशी, तुमचं रक्त अजून नऊच आहे. याचं साडेआठ."

"आसंल. माझ्या भाकरी मोजतो आन आपली कुत्र्याला घालतो. मला दिसत न्हाई का?" साळूबाईनं स्टूल खाटेजवळ ओढलं, नर्सबाईकडून चिमटा मागून घेतला आणि त्याच्या बोटातले काटे काढायला घेतले. "इमरान, जाताना माळावर थांब बाबा. पेशंटला बोंडं पाजायचीत."

"थांबतो मावशी."

"आन तूच तोड. याला येत न्हाई."