जालना–चिपळूण, झोपेनुसार

जालना ते चिपळूण हे अंतर सुमारे पाचशे किलोमीटर आहे आणि अर्पिता चौदा महिन्यांची आहे. या दोन आकड्यांचा मेळ घालण्याची जबाबदारी तिचे वडील कल्याण यांनी दिवाळीच्या सुटीआधी तीन आठवडे स्वतःकडे घेतली.

कल्याण जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत माल रवाना करण्याच्या खात्यात आहे. कोणता ट्रक किती वाजता फाटकाबाहेर पडणार, हे तो ठरवतो. ट्रक पोचतो केव्हा, हा दुसऱ्या खात्याचा विषय असल्याने त्याच्या कामात आजवर चूक निघालेली नाही.

चिपळूणला त्याची सासू सोनूबाई असते. मेहुणा अंगद तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून मराठवाड्यात बदली मिळण्याच्या यादीत नऊ वर्षांपासून आहे. अर्पिताच्या जन्माच्या वेळी सोनूबाईच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, म्हणून तिला येता आले नाही. तो डोळा गेला. आता मंगळवारी डाव्याचे होते. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती.

"फोनवर लेकरू नुसतं हलताना दिसतं," सोनूबाई मुलीला, साधनाला म्हणाली होती. "डोळे कुणाचे घेतलेत ते कळंना गेलंय. तेवढं बघू दे."

म्हणून शनिवार, रविवार, सोमवार अशी तीन दिवसांची रजा मंजूर करून घेण्यात आली.

कल्याणने लहान मुलांच्या प्रवासाविषयी तज्ज्ञांचे सतरा लेख वाचले. सर्वांचे एकमत होते की बाळ झोपेत असताना निघावे. मग त्याने एकवीस दिवस अर्पिताच्या झोपेची नोंद ठेवली. सकाळची झोप नऊ वीस ते दहा चाळीस, दुपारची एक चाळीस ते तीन. त्यावरून वेळापत्रक तयार झाले. प्रस्थान शनिवारी नऊ पंचवीस, आगमन रात्री आठ दहा. अंगदला प्रत पाठवली गेली.

"अन् मधीच उठली तर?" साधनाने विचारले.

"उठणार न्हाई. सरासरी काढलीय मी."

"जागी असताना निघालो तर काय बिघडतं?"

"जागं लेकरू म्हणजे बिनकागदाचा ट्रक," कल्याण म्हणाला. "नाक्यावर अडतोच."

वेळापत्रकाची प्रत त्याचे वडील काकासाहेब यांच्या हाती शुक्रवारी संध्याकाळी पडली. त्यांनी चष्मा लावला, पंचांग उघडले आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ हाय," ते म्हणाले. "तुझी पोरगी बराबर राहुकाळात झोपून राह्यली."

लेक विज्ञानाचा पदवीधर असल्याने त्याने राहुकाळाला ठाम विरोध केला आणि मग उपाय विचारला. काकासाहेबांनी पस्ताना ठेवायला सांगितले. चांगल्या वेळेला स्वतःला निघता येत नसेल, तर सामानातली एखादी वस्तू त्या वेळेला शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. तेवढ्याने प्रवास सुरू झाला असे धरतात.

"अन् ते किती दिवस चालतं?"

"तीन दिवस बिलकुल चालतं."

शनिवारी आठ पन्नासला अर्पिताच्या कपड्यांची बॅग शेजारी मुनीरभाईंकडे ठेवण्यात आली. मुनीरभाईंचा लोखंडी सळ्या वाहणारा टेम्पो आहे आणि त्यांना चार मुले आहेत.

"आमचं तर काहीच न्हाई असलं," ते बॅग घेताना म्हणाले. "गाडीत टाकतो लेकरं अन् निघतो. रडतेत, उलटी करतेत, झोपतेत. मंग गाव येतं."

"तुमचं नियोजन न्हाई ना मुनीरभाई," कल्याण सहानुभूतीने म्हणाला आणि त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर कळवले, 'प्रवास सुरू. ०८:५०.'

नऊ वीसला अर्पिता झोपली. तिला उचलून गाडीत ठेवले तेव्हा ती उठली. बाळ झोपवून गाडीत न्यायचे ही पद्धतच सदोष असून, बाळ गाडीतच झोपले पाहिजे, असा निष्कर्ष काढण्यात आला. दुपारी एक चाळीसला रोलिंग मिलच्या मागच्या रस्त्याने गाडी फिरवायला सुरुवात झाली. अठरा मिनिटांत अर्पिता झोपली. आता नगरच्या दिशेने सरळ निघायचे एवढेच बाकी होते.

"बॅग," साधना म्हणाली.

बॅग मुनीरभाईंकडे होती. बॅगेशिवाय निघावे, तर प्रवास तिकडेच राहिला असता. म्हणून गाडी कॉलनीत वळली. मुनीरभाईंच्या दारात थांबली, त्या क्षणी अर्पिताने डोळे उघडले.

वेळापत्रकाची सुधारित आवृत्ती दोन निघाली.

रात्री आठ दहाला अंगदचा फोन आला. आई सव्वासातपासून दारात खुर्ची टाकून बसली आहे, तुम्ही कुठे आहात, असे त्याने विचारले. कल्याण खोटे बोलत नाही. प्रवास सुरू आहे, सध्या थांबा घेतला आहे, असे त्याने सांगितले.

रविवारी नवी पद्धत वापरायची ठरली. गाडी थांबवायचीच नाही. अर्पिता झोपली की गाडी सावकाश कॉलनीतून न्यायची आणि मुनीरभाईंनी खिडकीतून बॅग आत टाकायची.

"पस्ताना टाकत न्हाईत," काकासाहेबांनी हरकत घेतली. "जाणाऱ्यानं आपल्या उजव्या हातानं उचलायचा असतो."

त्यामुळे डावा हात स्टिअरिंगवर आणि उजवा खिडकीबाहेर, अशी कल्याणची बैठक ठरली. मुनीरभाई बॅग धरून गाडीबरोबर पळाले. त्यांच्या पत्नी कमरुन्निसा दारातून पाहत होत्या.

"आहिस्ता, आहिस्ता," त्या म्हणाल्या. कोणाला ते कळले नाही.

बॅग कल्याणच्या हाती आली, पण तिची चेन उघडी होती. आतले स्टीलचे वाटी-चमचे रस्त्यावर पडले. अर्पिता उठली आणि टाळ्या वाजवू लागली. पस्ताना मोडू नये म्हणून सगळे सामान भरून बॅग पुन्हा मुनीरभाईंकडे ठेवण्यात आली.

"आता उठलीच हाय तर चला की," साधना गाडीतून न उतरता म्हणाली. "परवा ऑपरेशन हाय आईचं."

"आवृत्ती तीन तयार होऊन राह्यली," कल्याण म्हणाला. "उद्या दुपारी शंभर टक्के."

चिपळूणला दुपारी सोनूबाईने ग्रुपवरचा ताजा निरोप अंगदकडून वाचून घेतला. 'प्रवास समाधानकारक. थांबा वाढवला.'

"निघाल्यात तर कवाच," ती अंगदला म्हणाली, "अन् पोचत तर न्हाईत. मंग मीच जाऊन येते."

अंगदला मतदार याद्यांचे काम लागले होते. त्याने आईला पुण्याच्या एसटीत बसवले, पुढची गाडी दाखवून द्यायला कंडक्टरला सांगितले. सोमवारी सकाळी नऊ पंचवीसला सोनूबाई रिक्षातून जालन्याच्या दारात उतरली. अर्पिता पाच मिनिटांपूर्वी झोपली होती.

कल्याणने सासूला वाकून नमस्कार केला. "आई, दहा चाळीसला उठंल," तो हळू आवाजात म्हणाला.

"माझी परतीची गाडी सव्वादहाला हाय. आज रातीलाच भरती व्हायला लावलंय."

साधना पाळण्याकडे गेली. "उठवते मी."

"एकवीस दिवसांची घडी हाय, साधना," कल्याण म्हणाला.

"आग लाव त्या घडीला."

तिने वाकून हात पुढे केले, पण सोनूबाईने ते धरले. "ऱ्हाऊ दे. झोपल्या लेकराला उठवू नये. किती गाढ झोपलीय."

मग गाडीने आईला चिपळूणला आपणच पोचवू, असे साधना म्हणाली. राहुकाळ नऊला संपला होता. पस्तान्याचा तिसरा दिवस चालू होता. बाळ झोपेत होते. तीन आठवड्यांत प्रथमच सर्व अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या होत्या. कल्याणने आवृत्ती तीन तपासली. तिच्यात प्रस्थान दुपारी एक पंचेचाळीसचे होते, शिवाय उचलताना बाळ उठण्याचा धोका होताच.

सोनूबाईने पाळण्याशी पाट घेतला. डावा डोळा वीतभर अंतरावर आणून तिने नातीचे कपाळ पाहिले, नाक पाहिले, कानाची पाळी पाहिली. पापण्या मिटलेल्या होत्या. ती तशीच वीस मिनिटे बसली. मध्ये एकदा पापणी हलली, तेव्हा ती श्वास धरून थांबली. नऊ पंचावन्नला तिने पदराने डोळा पुसला आणि उठली. मुनीरभाईंनी तिला टेम्पोतून स्टँडवर नेले. साधना सोबत गेली.

कल्याणने ग्रुपवर कळवले, 'भेट झाली. झोपेत व्यत्यय नाही.' त्याला अठ्ठावीस अंगठे आले.

आवृत्ती तीन आता कॉलनीच्या, कंपनीच्या आणि शेजारच्या जाफराबाद तालुक्यातल्या दोन ग्रुपवर फिरते आहे. रोज चौकशीचे फोन येतात. दात येताना झोप किती कमी धरायची, जुळी असतील तर सरासरी कशी काढायची, पस्ताना फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर ठेवला तर चालतो का. सोनूबाईच्या डाव्या डोळ्याचे काय झाले, हे अजून कोणी विचारलेले नाही.

हे वाचताना तुम्हीही मनातल्या मनात आपल्या बाळाची झोप आणि आपल्या गावाचे अंतर मांडून पाहिले असेल, तर एक आकडा लागेल. अर्पिता त्या सोमवारी दहा बेचाळीसला उठली. अंदाजात चूक फक्त दोन मिनिटांची.