मुळेकाकांची विचारपूस

मुळेकाका पोह्यांना फोडणी देतानाही मोठ्यांदा विचारतात, "गॅस?" आणि स्वतःच उत्तर देतात, "चालू." "मोहरी?" "तडतडली." ऐकणाऱ्याला वाटावं, घरात दोन माणसं आहेत. नाहीत. काकू गेल्यापासून जबलपूरला खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीजवळच्या आमच्या कॉलनीत काका एकटेच राहतात.

ही खोड फॅक्टरीतल्या नोकरीची. दारूगोळा भरताना एकानं विचारायचं, दुसऱ्यानं बघून सांगायचं, मगच वस्तूला हात. काकू इस्पितळात एका इंजेक्शननं गेल्या, तेव्हापासून हा नियम जबलपूरच्या तमाम डॉक्टरांना शिकवायचा काकांनी चंग बांधला. कुणी ॲडमिट झालं की काका हजर. लोक आजारपण लपवू लागले.

माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या वेळी त्यांनी तिच्या चांगल्या डोळ्याच्या वर, कपाळावर पेनानं लिहिलं, "ये वाला नहीं." नर्स भडकली, "अंकलजी, हम लोग अनपढ़ हैं क्या?" आणि स्पिरिटनं पुसून टाकलं.

"काहून चिडून राहिली ही? विचारल्यानं काय तोंड झिजते?" काका मला म्हणाले.

पुढे त्या इस्पितळात छापील तक्ते आले. नाव, कोणती बाजू, कोणतं औषध सोसत नाही. काका हरखले. एकदा जवळून पाहिलं, तर सकाळीच सगळ्या चौकटींत खुणा करून ठेवलेल्या. पेशंट अजून यायचाच होता. "उत्तरं तयार, माणूस बाकी," म्हणत काका बाकावर बसले. त्यानंतर त्यांनी जाणंच सोडलं. मलाही पटलं, हे पालथ्या घड्यावर पाणी आहे.

यंदा त्यांच्याच हर्नियाचं ऑपरेशन निघालं. सोबत मी होतो. एक नवी नर्स कोरा तक्ता घेऊन आली. एकेक प्रश्न विचारायची, उत्तर ऐकायची, मग खूण करायची. काका ताठ बसून उत्तरं देत होते.

"किसी दवा से एलर्जी?"

"पेनिसिलिन," काका म्हणाले.

मी चमकलो. काकांना पेनिसिलिन चालतं. चालत नव्हतं ते काकूंना. ते इंजेक्शन दिलं तेव्हा काका खाटेशीच उभे होते. तिथल्या नर्सनं विचारलं नाही आणि यांना वाटलं, तिला माहीतच असेल.

"काका, तुम्हाला कुठे आहे?" मी हळूच म्हणालो.

"माहीत आहे मला," काका म्हणाले. "पण हिनं विचारलं न रे."

त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. नर्सनं तोवर लाल शाईनं लिहून टाकलं होतं.