कणगीतली फ्लॉपी

आमच्या ऑफिसातला कंप्युटर परभणीत होता, पण त्याचा जीव परभणीत नव्हता. तो चार तुकडे करून चार ठिकाणी ठेवला होता. एक तुकडा पेडगावला ज्वारीच्या कणगीत, दुसरा चारठाण्याला देवघरात, तिसरा पूर्णेच्या एका रेल्वेगार्डाच्या पेटीत आणि चौथा आमच्या स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरणीमागे. ही व्यवस्था मुंजाजीरावांची.

मुंजाजीराव आमच्या बियाणे संस्थेत कारकून होते आणि मी टायपिस्ट. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. टपरीवर चहा मागवला की सोबत विद्यापीठाच्या नामांतराचा वाद फुकट मिळायचा, अशा त्या दिवसांत आमच्याकडे कंप्युटर आला. मोठ्या ऑफिसने मुंजाजीरावांना थोडं शिक्षण देऊन त्याच्यावर नेमलं. कंपनीच्या माणसाने जाताना चार फ्लॉप्या त्यांच्या हातात दिल्या. फ्लॉपी म्हणजे तेव्हा पापडाएवढी काळी चौकोनी चकती, कागदाच्या पाकिटात घातलेली. तो म्हणाला, "मशीन कधी ना कधी बसणारच. बसलं की ह्या एकापाठोपाठ एक घाला, सगळं परत उभं राहतं. सांभाळून ठेवा."

दुसऱ्या कुणीही त्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली असती. पण मुंजाजीराव पडले शेतकऱ्याचे पोर. "बी एका घरी ठिवू न्हाई," ते म्हणाले. "घराला आग लागली, उंदीर लागला, तर पेरायचं काय? चार सोयऱ्यांकडं थोडं थोडं ठिवायचं. आपलं गेलं तर त्यायच्याकडून आणायचं. आन् बी मागायला आलेल्या माणसाला दारातून परत लावायचा दस्तूर न्हाई. मग तो वैरी का असंना."

झालं. चार फ्लॉप्या चार दिशांना गेल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला, तेव्हा मुंजाजीराव त्यांचं ठेवणीतलं वाक्य बोलले, "साहेब, फिकर करू नका. इंतजाम केला हाय मी."

इंतजाम हा त्यांचा जीव की प्राण. छत्रीला इंतजाम म्हणून दुसरी छत्री. घड्याळाला इंतजाम म्हणून दुसऱ्या मनगटावर घड्याळ. दोन्ही घड्याळांत फरक पडला की मधली वेळ खरी धरायची. नाही म्हणायला चष्मा एकच होता, कारण डोळे एकाच चष्म्याला सरावलेले असतात असं त्यांचं म्हणणं. तो एकच चष्मा ते रोज हरवत.

पण त्यांची खरी कमाल कंप्युटरची वाटणी करताना दिसली. आतल्या डिस्कचे भाग पाडता येतात, त्यांना सी आणि डी म्हणतात, असं कंपनीच्या माणसाने सांगितलं आणि वर म्हणाला, "तुमचं काम लहान आहे, सगळी एकच सी ठेवू या." मुंजाजीरावांना ते पटेना. एवढा मोठा गट एकाच्याच नावावर? त्यांनी साहेबांना, मला आणि शिपायाला पंच म्हणून उभं केलं, नारळ फोडला आणि बरोबर निम्मी सी, निम्मी डी करायला लावली. "भावाभावात कमीजास्त नगं. उद्या भांडणं व्हत्यात," ते त्या माणसाला म्हणाले. तो बिचारा पुण्याकडचा, नारळाची शकलं घेऊन गेला.

डीमध्ये मात्र त्यांनी कधी काहीच ठेवलं नाही. सी तुडुंब भरली तरी डी रिकामी. एकदा साहेबांनी विचारलं, तर म्हणाले, "पडीक ठिवलीय. जमिनीला दम खाऊ द्यावा, साहेब."

आता वाटणीचं एवढं सोवळं का, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. मुंजाजीराव मूळचे पेडगावचे. थोरले भाऊ रंगनाथराव तिथेच शेती करत. दोघांची वाटणी झाली तेव्हा सगळं नीट पार पडलं आणि शेवटी बांधावरच्या बाभळीवर गाडी अडली. बाभळ बरोबर मधोमध. तिची सावली कोणाच्या रानात पडते इथपर्यंत वाद गेला. त्यानंतर दोघांनी एकमेकांशी अबोला धरला. पुढे बाभळ वाळली, तुटली, चुलीत गेली, पण भांडण हिरवंगार होतं. मुंजाजीरावांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. जमीन बटईने लावून ते परभणीत भाड्याच्या एका खोलीत राहत.

आणि तरी एक नंबरची फ्लॉपी, म्हणजे जिच्यावाचून मशीन डोळासुद्धा उघडत नाही ती, त्यांनी पेडगावला नेऊन ठेवली होती. भाऊ घरात नाही असं बघून उंबऱ्याबाहेरूनच वहिनीच्या हातात दिली आणि माघारी फिरले. मी विचारलं, "अहो, बोलत नाही ना तुम्ही?" तर म्हणाले, "भांडण माणसाशी हाय. कणगीशी न्हाई."

चौथी फ्लॉपी आमच्याकडे असायचं कारण वेगळं. पहिल्या तिन्हींत कधी काही बदलत नाही, एकदा ठेवल्या की ठेवल्या. चौथीत मात्र संस्थेची ताजी माहिती भरून ठेवायची, म्हणून ती दर शनिवारी बदलावी लागे. त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी मुंजाजीराव आमच्या दारात हजर. जुनी घ्यायची, नवी द्यायची, एवढंच काम. पण त्याला चहा लागे, मग आमच्या आईशी पेडगावच्या गप्पा, मग "आता जेवूनच जा" आणि मग "न्हाई न्हाई" म्हणत पाटावर बसणं. आई म्हणायची, "त्या काळ्या पापडाचं निमित्त रे. माणूस एकटा आहे." मला ते तेव्हा नीट उमगलं नव्हतं.

एका शुक्रवारी वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि आली ती दणका देऊनच. कंप्युटरच्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उरली. सिस्टीमची डिस्क घाला म्हणे. नेमका त्याच दुपारी मोठ्या ऑफिसचा निरोप आला की सोमवारी माणसं येतील, मशीन चालू नसेल तर उचलून नांदेडला नेतील, तिथे गरज आहे.

साहेब शिपायावर ओरडले, शिपाई पंख्यावर ओरडला. मुंजाजीराव मात्र ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. पांढरे पडले होते. ते मशीन त्यांचं काय होतं हे ज्याने त्यांना सकाळी त्याच्यावरची धूळ उपरण्याने पुसताना पाहिलंय त्यालाच कळेल. थोड्या वेळाने त्यांनी आपली कापडी पिशवी खांद्याला अडकवली आणि मला म्हणाले, "टायपिस्ट, उद्या पहाटं निघू. बी आणायला जायचंय."

शनिवारी पहाटे आम्ही रेल्वेने पूर्णेला गेलो. गार्ड मुंजाजीरावांचा मेहुणा. पण पेटी गार्डाबरोबर फिरते आणि गार्ड गाडीबरोबर. त्यामुळे आमची तीन नंबरची फ्लॉपी त्या वेळी मनमाडहून परत यायला निघाली होती. फलाटावर बसून आम्ही तिची वाट पाहिली. गाडी लागली, मेहुणा उतरला, पेटीतल्या हिरव्या झेंडीच्या घडीतून त्याने फ्लॉपी काढली. "दाजी, लय देश बघितला हिनं," म्हणाला.

तिथून परत येऊन माझ्या स्कूटरवर चारठाणा. त्यांच्या बहिणीने, म्हणजे अक्कांनी, दोन नंबर देवघरात ठेवली होती. पाकिटावर हळदकुंकवाची बोटं आणि एक वाळलेलं झेंडूचं फूल. नशीब, पाकिटाच्या आत ती प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. जेवल्याशिवाय अक्का द्यायला तयार नव्हत्या. वाढता वाढता म्हणाल्या, "मुंजा, एक नंबर दादाकडं हाय म्हणं?"

"हाय."

"मंग जायलास का तिकडं?"

"कंप्युटरचं काम हाय, अक्का. माझ्या मनानं न्हाई जायलो," मुंजाजीराव पानात बघत म्हणाले. अक्कांनी त्यांच्या भाकरीवर तुपाची आणखी एक धार सोडली आणि पदराने नाक पुसलं.

पेडगावला पोहोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. रंगनाथराव ओट्यावर दोरी वळत बसले होते. मुंजाजीराव अंगणाच्या कडेला थांबले ते थांबलेच. मी मध्ये.

"टायपिस्ट," मुंजाजीराव समोरच्या म्हशीकडे बघत म्हणाले, "त्यायला सांगा, बी मागायला आलो हाय."

मी सांगितलं. दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर, म्हातारे बहिरे नव्हते, तरी मी सांगितलं.

"त्याला म्हणावं," रंगनाथराव दोरीला पीळ देत म्हणाले, "इतके साल बी लागलं न्हाई का?"

मी इकडे सांगितलं. म्हशीने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"त्यायला म्हणावं, मशीन बसलं. परवा उचलून नेत्यात. मंग म्या दिवसभर काय करू, ते इचारा त्यायला."

हे वाक्य मी पुढे पोचवलं नाही. पोचलं होतं. दोरी वळणारे हात थांबले. रंगनाथराव उठले, आत गेले. कणगीचं झाकण निघाल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात जुन्या पटक्याच्या कापडाची पुरचुंडी होती. तीत कडुलिंबाचा पाला आणि पाल्यात एक नंबर.

"किडा लागू दिला न्हाई," ते मला म्हणाले. मुंजाजीरावांनी हात पुढे केला, तशी त्यांनी पुरचुंडी मागे ओढली. "पर बी दिलं तर उगवतंय का न्हाई, ते बघाया म्या येणार. बियाची जिम्मेदारी असती."

उगवण बघायला तिघे एका स्कूटरवर निघालो. मी पुढे, मध्ये रंगनाथराव पुरचुंडी छातीशी धरून, शेवटी मुंजाजीराव. भावाला धरायला नको म्हणून ते दोन्ही हात वर करून बसले होते. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला वाटलं, आम्ही त्याला हात दाखवतोय. त्याने गाडी थांबवली आणि मग शिव्या दिल्या. पण पेडगावचा रस्ता तो पेडगावचाच. पहिल्याच खड्ड्यात मुंजाजीरावांनी भावाचा खांदा पकडला आणि परभणी येईपर्यंत सोडला नाही.

ऑफिसात एक नंबर घातली. मशीन घुरघुरलं, पडद्यावर अक्षरं आली. मुंजाजीराव खुर्चीवर पुढे सरकले. सगळी डिस्क कोरी झाली होती, वाटणी पुन्हा करायची होती. रंगनाथराव मागून वाकून बघत होते. आता त्यांना मध्यस्थाची गरज उरली नव्हती.

"हे काय करायलास?"

"वाटणी. निम्मी सी, निम्मी डी."

"बांध कुठं हाय?"

"मधी."

"बांधावर झाड?"

"न्हाई. काईच न्हाई."

"मंग कर," रंगनाथराव म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

दोन नंबर गेली, तीन नंबर गेली. माझ्या घरून चौथी आणायला मी आधीच शिपायाला धाडलं होतं. त्याने आणलेलं पाकीट मी उघडलं. आईने बहुधा चहाचं गरम पातेलं तिच्यावर टेकवलं होतं. फ्लॉपीची एक कड वर वळलेली, अगदी भाजलेल्या पापडासारखी. ती मशीनमध्ये शिरेचना. संस्थेची सगळी माहिती त्या पापडात. मला मुंजाजीरावांकडे बघायचं धाडस होईना.

मुंजाजीराव शांतपणे म्हणाले, "फिकर करू नका, इंतजाम हाय," आणि पिशवीत हात घातला. बाहेर निघाला तो सुतळीने बांधलेला फ्लॉप्यांचा गठ्ठा. गाठ सोडून त्यांनी चौथी काढली, मशीनमध्ये सारली आणि उरलेल्या टेबलावर ठेवल्या.

रंगनाथरावांनी त्या उचलल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे मुंजाजीरावांनी मराठीत घातले होते. तीन. दोन. एक. पूर्णा, चारठाणा, पेडगाव, दिवसभर ज्यांच्यापायी आम्ही फिरलो त्या सगळ्यांच्या दुसऱ्या प्रती. सकाळपासून मुंजाजीरावांच्याच खांद्याला होत्या.

"मुंजा, एक नंबर हितंबी हाय."

मुंजाजीराव पडद्याकडे बघत राहिले. "हाय."

"तुह्यापाशी व्हती, तर मंग माह्या दारात कामून आलास?"

मशीन घुरघुरत होतं. मुंजाजीरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बी मागायला आलेल्याला परत लावीत न्हाईत म्हून," ते म्हणाले. "नुस्तं आलो असतो, तर लावलं असतंस, दादा."

मी उगाच खिडकी उघडायला गेलो. ती उघडीच होती, म्हणून लावली.

मागून रंगनाथरावांचा आवाज आला. ते पाला झटकून एक नंबर पुन्हा त्या कापडात बांधत होते. "ही म्या परत नेतो. कणगीत जागा ठिवलीय." मग गाठ मारता मारता, जरा खाकरून, "आन् टायपिस्टाच्या घरची तू दर शनवारी बदलतोस म्हणं. हीबी बदलावी लागती का?"

एक नंबरमध्ये कधीच काही बदलत नाही. हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, चहा घेऊन दारात उभ्या असलेल्या शिपायालाही माहीत होतं.

"लागती की," मुंजाजीराव म्हणाले. "दर इतवारी."